निष्ठा आणि हमी

‘हल्लीच्या मुलांना काम नको, पगार तेवढा हवा,’ हे उद्गार नाशकात लग्नाच्या पंगतीपासून गोदाकाठच्या कट्ट्यापर्यंत कोठेही कानी पडतात. त्यांवर मत देण्यापूर्वी आम्ही थोडे मागे जाऊ इच्छितो.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांची. नोकरी म्हणजे ताबेदारी, असे ते मानीत. पुढे नाशिकरोडला १९२५ च्या सुमारास सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला. १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला. सातपूरची औद्योगिक वसाहत वाढली. कोरडवाहू शेतीचा भरवसा किती, हे १९७२ च्या दुष्काळाने दाखविले. म्हण उलटी झाली. मुलगा ‘प्रेसमध्ये लागला’ की घराचे भाग्य उजळले, असे लोक मानू लागले.

त्या पिढीने एकाच ठिकाणी तीस-पस्तीस वर्षे इमानाने काढली. परंतु त्या इमानाला मोबदलाही होता : कायमची नेमणूक, ठराविक बढती आणि अखेरीस निवृत्तिवेतन. ही हमी पुढे राहिली नाही. जुने निवृत्तिवेतन केंद्राच्या मुलकी सेवेत १ जानेवारी २००४ पासून, आणि राज्याच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून, नव्याने लागणाऱ्यांसाठी बंद झाले. कारखान्यांतही कायम कामगाराशेजारी कंत्राटी तरुण उभा राहिला. उद्याची खात्री नसलेला मुलगा दोन हजार रुपये जास्त मिळताच दुसरीकडे जातो, यात नवल ते काय?

तरुणांना स्थैर्य नको आहे, असेही नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला, तो २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळावे म्हणूनच. बापाला जे मिळाले तेच मुलगा मागत होता.

मात्र एक गोष्ट आम्ही तरुणांनाही सांगू. मालकाशी निष्ठा आणि हातातल्या कामाशी निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हमीवर अवलंबून असते. दुसरी सोडली, तर नुकसान आपल्याच कसबाचे होते. हे कसब कारखान्यात वडीलधाऱ्या कामगाराशेजारी उभे राहूनच येते. म्हणून वडिलांनी बोल लावणे थोडे कमी करावे आणि आपल्या हातचे शिकवून जावे. नोकरी बदलली तरी ते मुलाबरोबर जाईल.