ताठ कणा : लाठीचा पवित्रा आणि आपले रोजचे काम



"ताठ मानेने जगणे" हे शब्द आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. ज्यांच्या वाडवडिलांना गावातून अंग चोरून, मान खाली घालून चालावे लागले, त्यांना या शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. परंतु आज आपल्यापैकी पुष्कळांची मान दुसऱ्याच कारणाने खाली गेलेली दिसते. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भातलावणी करणारी भगिनी दिवसभर कमरेत वाकलेली असते. शिरवळच्या कारखान्यात जाणारा तरुण पूर्ण पाळी एकाच जागी उभा असतो. पुण्या-मुंबईच्या कचेरीतला आपला बांधव संगणकासमोर पोक काढून बसलेला असतो, तर घरी शिलाई करणारी माउली मशीनवर ओणवी असते. कामे निराळी, पण संध्याकाळची तक्रार एकच : कंबर धरली, मान आखडली.

हे दुखणे किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. हातावर पोट असणाऱ्याची कंबर गेली म्हणजे घरची चूल अडते. म्हणून लाठी-काठीसारखी आपली जुनी युद्धकला कामकरी माणसाच्या शरीराला काय देऊ शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दुखते कशामुळे?

पाण्याने भरलेली कळशी कमरेशी धरून मैलभर नेता येते. तीच कळशी हात लांब करून समोर धरली तर थोड्याच वेळात हात थरथरतो. ओझे तेच, पण शरीरापासून दूर गेल्यामुळे स्नायूंवरील ताण कितीतरी वाढतो. आपल्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान पुढे झुकवून तासन् तास काम केले की ते डोके लांब धरलेल्या कळशीसारखे होते आणि मानेचे व पाठीचे स्नायू त्याला सतत ओढून धरत राहतात. कमरेत वाकून पोते उचलतानाही हेच घडते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. छाती काढून, ताठ खांबासारखे दिवसभर बसणे म्हणजे आरोग्य नव्हे. कोणतीही एकच स्थिती फार वेळ धरून ठेवली की ती शरीराला जाचते. बैठक चांगली की वाईट यापेक्षा ती बदलते की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते.

लाठी काय शिकवते?

लाठीचा पहिला धडा वार करण्याचा नसून उभे राहण्याचा आहे. पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे किंचित सैल, नजर समोर आणि शरीराचा भार दोन्ही पायांवर सारखा, याला पवित्रा म्हणतात. पवित्रा बदलताना भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. यंत्रापुढे उभ्याने काम करणाऱ्याने एवढी एक गोष्ट जरी उचलली, तरी एकाच पायावर रेलून राहण्याची त्याची सवय सुटते.

दुसरा धडा बळाचा. नवशिका नुसत्या मनगटाने काठी फिरवतो आणि लवकर दमतो. जाणता मात्र पायांतून व कमरेतून जोर आणतो, मनगट फक्त दिशा देते. पोते उचलण्याची रीतही हीच आहे. गुडघ्यांत व खुब्यांत वाकावे, ओझे अंगाशी घ्यावे आणि पायांच्या जोरावर उठावे.

तिसरा धडा श्वासाचा. वार टाकताना श्वास सोडावयाचा असतो. कामाच्या घाईत आपण नकळत श्वास कोंडून खांदे वर चढवतो, ते येथे लक्षात येते. चौथा धडा दोन्ही बाजूंचा. काठी उजवीकडे फिरते तशीच डावीकडेही फिरते. रोजच्या कामात मात्र एकच हात राबत असतो.

परदेशांतही असे प्रयोग जुने आहेत. जपानमध्ये १९२८ साली रेडिओवरून सामुदायिक कवायत सुरू झाली आणि पुढे तेथील अनेक कारखान्यांत ती कामापूर्वी होऊ लागली. चीनमधील ताई-ची या संथ युद्धकलेने वृद्धांचा तोल सुधारतो व पडण्याचे प्रमाण कमी होते, असे संशोधनातून दिसून आले आहे.

हा वारसा कोणाचा?

हिरडस मावळ आणि गुंजण मावळ हा आपलाच मुलूख. येथील मावळ्यांच्या शौर्याची गाणी सर्वजण गातात. परंतु आखाड्याची माती सर्वांना सारखी मोकळी नव्हती, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच पुण्याच्या गंज पेठेतील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीचे मोल मोठे आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजातील या वस्तादाकडे जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकले. पुढे १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने समता सैनिक दल उभे राहिले. गणवेश, कवायत व लाठी ही दलाची ओळख झाली. भोरहून वरंध घाट उतरला की महाड येते. त्या पाण्याचा हक्क मागण्यासाठी जी माणसे उभी राहिली, ती प्रथम ताठ उभे राहण्यास शिकली होती. आमच्या दृष्टीने कणा ताठ करणे हा केवळ व्यायामाचा विषय नाही, तो यामुळेच.

कार्यशाळा कशी घ्यावी?

यासाठी मोठा खर्च लागत नाही. समाजमंदिरापुढील अंगण, ज्याच्या त्याच्या कानाइतकी उंच वेळूची काठी आणि एक जाणता शिक्षक एवढे पुरे. लष्करातून वा पोलिसांतून निवृत्त झालेले बांधव हे काम आनंदाने करतील. दहा-बारा जणांचा गट व पाऊण तास वेळ ठरवावा. पहिली दहा मिनिटे सांधे मोकळे करावेत. नंतर पवित्रे, बैठका व काठी फिरवणे घ्यावे. शेवटी प्रत्येकाने आपले रोजचे काम करून दाखवावे व सर्वांनी मिळून ते तपासावे. नवशिक्यांनी एकमेकांवर वार करू नयेत. भगिनींसाठी वेळ राखून ठेवावी, कारण वाकण्याची कामे त्यांच्याच वाट्याला अधिक येतात.

प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे असे चार वर्ग झाले की हिशेब पुरा होतो. बाकी सवय कामावर लावावयाची. लावणीची एक पात संपली की बांधावर उभे राहून पाठ मोकळी करावी. कचेरीत अर्ध्या तासाने खुर्ची सोडावी.

दोन सूचना

पायात मुंग्या येत असतील, बधिरपणा वा अशक्तपणा असेल, तर काठी बाजूला ठेवून प्रथम डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी व गरोदर भगिनींनीही सल्ला घेऊनच सुरुवात करावी.

दुसरी सूचना तितकीच महत्त्वाची. लाठी शिकल्यामुळे मालकाची जबाबदारी संपत नाही. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय असावी, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगितले होते. केरळात दुकानांतील महिलांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तेथील कायद्यात दुरुस्ती झाली. स्टूल मागणे म्हणजे आळस नव्हे. कंबर दुखते तो कामगार कमकुवत, असे म्हणून कोणी कार्यशाळेवर भागवू पाहील, तर त्याला ताठ उभे राहूनच उत्तर द्यावे.

वाडवडिलांनी मान वर केली ती आपल्यासाठी. ती पोटासाठी राबताना पुन्हा खाली जाऊ नये, याची काळजी आता आपण घ्यावयाची आहे. येत्या रविवारपासून अंगणात दहा काठ्या उभ्या राहिल्या, तरी सुरुवात झाली असे समजावे.