रिपोर्ट आला का?

महाडकराला आकडा बघायची सवय असते. पावसाने जोर धरला की बाजारपेठेत पहिला प्रश्न एकच, सावित्रीला पाणी किती? सहा मीटर म्हणजे इशारा, साडेसहा म्हणजे धोका. इशारा आला की दुकानदार माल माळ्यावर चढवायला घेतो, गाड्या उंचावर नेऊन लावल्या जातात. जुलै २०२१ मध्ये पाणी सगळ्यांच्या अंदाजाच्या पलीकडे गेलं, तरी हा हिशोब कुणी सोडलेला नाही.

काही घरांत मात्र बारा महिने आणखी एका आकड्याकडे डोळे लागलेले असतात. त्याचं नाव सीए-१२५. ओव्हरीच्या, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट झालेल्या बाईच्या रक्तात मोजलं जाणारं हे एक प्रोटीन. पस्तिसाच्या खाली असलं की नॉर्मल. आई पोलादपुरात, तुम्ही ठाण्यात नाहीतर हिंजवडीत. रक्त महाडच्या लॅबमध्ये दिलं जातं आणि पीडीएफ येते तुमच्या मोबाइलवर, तीही नेमकी मीटिंग चालू असताना! मागच्या वेळी ११ होतं, आता १९. दोन्ही नॉर्मल. तरी पोटात गोळा येतो तो येतोच. मग रात्री दोनपर्यंत गुगल, आणि सकाळी आईला फोनवर, ‘‘सगळं ओके आहे गं.’’ तिला तुमच्या आवाजावरून कळायचं ते कळलेलं असतंच.

हा कॅन्सर मुळात गुपचूप वाढणारा. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं, ही लक्षणं गॅस किंवा वय म्हणून सोडून दिली जातात. भारतात २०२२ मध्ये सुमारे ४७ हजार बायकांना तो झाल्याचा जागतिक कॅन्सर संस्थेचा अंदाज आहे, आणि बहुतेकींचं निदान पुढच्या स्टेजला होतं. ऑपरेशन आणि केमो यांना तो सुरुवातीला चांगली दाद देतो. स्कॅन स्वच्छ येतो, केस परत येतात. पण स्टेज तीन-चारच्या बऱ्याचजणींमध्ये तो दोन-तीन वर्षांत पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून डॉक्टर ‘बरी झालात’ म्हणत नाहीत, ‘सध्या काही दिसत नाही’ म्हणतात. आता हे वाक्य गावात कुणाला सांगणार? शेजारच्या काकू विचारतात, ‘‘पिशवीचं ऑपरेशन झालं ना, मग आता काय राहिलं?’’ वर कुणीतरी मनीषा कोईरालाचं उदाहरण देतं. २०१२ मध्ये तिला हाच कॅन्सर निघाला, न्यूयॉर्कमध्ये उपचार झाले आणि २०२४ मध्ये ती ‘हीरामंडी’त झळकली. गोष्ट खरी आहे, धीर देणारी आहे. पण प्रत्येक फॉलो-अपला ती ऐकावी लागली की धीर कमी आणि प्रेशर जास्त येतं.

तर मग आकडा दर महिन्याला बघावा का? इथे थोडं थांबू या, कारण याचं उत्तर बहुतेक घरांत कुणी सांगितलेलंच नसतं.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली. ब्रिटन आणि इतर काही देशांतल्या, पहिली ट्रीटमेंट पूर्ण होऊन बऱ्या दिसणाऱ्या बायकांचं सीए-१२५ दर तीन महिन्यांनी मोजलं गेलं, पण आकडा त्यांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना सांगितला नाही. तो नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दुप्पट झाला की चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. अशा ५२९ जणी होत्या. एका गटाला लगेच केमो, दुसऱ्या गटाला त्रास जाणवू लागल्यावर. पहिल्या गटाची केमो सुमारे पाच महिने आधी सुरू झाली. आणि आयुष्य? दोन्ही गटांचं जवळजवळ सारखंच. उलट लवकर सुरू केलेल्यांचे बरे दिवस आधी संपले, कारण केमोचा त्रास आधी सुरू झाला.

म्हणजे नदीच्या इशाऱ्यात आणि या इशाऱ्यात फरक आहे. तिथे मिळालेल्या दोन तासांत माल वाचतो. इथे मिळालेल्या पाच महिन्यांत काय वाचतं, हे आधी विचारायला हवं.

अर्थात ही शेवटची ओळ नव्हे. ती ट्रायल जुन्या औषधांच्या काळातली. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका ट्रायलमध्ये, नीट निवडलेल्या पेशंटमध्ये कॅन्सर परतल्यावर पुन्हा ऑपरेशन केलं तर आयुष्य वाढल्याचं दिसलं. अशा बाईसाठी तो लवकर कळणं कामाचं ठरू शकतं. म्हणून आजही डॉक्टरांत दोन मतं आहेत, आणि आपल्या आईच्या केसमध्ये कुठलं लागू, हे तिच्या डॉक्टरलाच विचारावं लागतं. प्रश्न सरळ आहे: ‘‘आकडा वाढला तर आपण वेगळं काय करणार?’’ माझ्या मते हा प्रश्न लेकाने किंवा लेकीने नाही, आईने विचारावा. बऱ्याच घरांत टेस्ट मुलांच्या टेन्शनसाठी होते आणि सुई मात्र आईला टोचते.

टेस्ट करायचीच ठरली, तर लॅब एकच ठेवा. मशीन बदललं की आकडाही थोडा हलतो. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका. पोटातला टीबी, लिव्हरचा आजार, कसलीही सूज यानेही सीए-१२५ वाढतं. शंका आली तर डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा मोजतात, मग स्कॅन. आणि रिपोर्ट नॉर्मल असला तरी वर सांगितलेला त्रास दोन-तीन आठवडे टिकला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

तारखा साधारण अशा: पहिली दोन वर्षं दर दोन ते चार महिन्यांनी, पुढची तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. पोलादपूरहून परळचं टाटा म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पहाटे निघायचं आणि हायवेच्या मर्जीने पोचायचं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेने जायचं तर महाडला जवळचं स्टेशन वीर. हॉस्पिटलचं सर्टिफिकेट असेल तर तपासणीला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. उलट्या दिशेला, कशेडीच्या बोगद्यापलीकडे, डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलात कॅन्सर विभाग आहे. मधली एखादी तपासणी तिथे चालेल का, हे मूळ डॉक्टरला विचारायला हरकत नाही. आणि फाईलच्या प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या फोनमध्ये हवाच. पुरात कागद काय होतात, ते महाडला सांगायला नको.

एक गोष्ट रिपोर्टमध्ये कधीच येत नाही. पॅक्लिटॅक्सेल या केमोने हातापायांना मुंग्या येतात, कधी बधिरपणा राहतो. शहरात त्याचा अर्थ कुर्त्याचं बटण लागत नाही एवढाच. लावणीच्या चिखलात त्याचा अर्थ काटा टोचलेला कळत नाही, बांधावर पाय घसरतो. ‘‘शेतात जाऊ नकोस’’ म्हणणं सोपं आहे. पण जिला दर तीन महिन्यांनी रिपोर्टची वाट बघायची आहे, तिच्यासाठी मधले महिने भात, गुरं, नातवंडं यांनीच भरलेले असतात. गमबूट आणून द्या, वाद घालू नका.

आणि तुमचं स्वतःचं? या कॅन्सरच्या साधारण पाच-सहा पेशंटमागे एकीत बीआरसीए जीनमधला बिघाड सापडतो. तो मुलांकडे येण्याची शक्यता पन्नास टक्के, आणि मुलगी असो की मुलगा, फरक नाही. आईची टेस्ट झाली नसेल तर ती आधी करायची, कारण बिघाड निघाला तर तिच्यासाठीही ओलापरिबसारख्या गोळ्यांचा विचार करता येतो. गोळ्या महाग आहेत. योजनेतून किंवा हॉस्पिटलमार्फत काय मिळेल, ते सोशल वर्करला विचारा. मग तुमची पाळी. बिघाड नसेल तर सुटलात. असेल तर तुमच्याही कॅलेंडरवर तारखा येतील, ब्रेस्टच्या तपासणीच्या, आणि पुढे ओव्हरी काढायची का या प्रश्नाच्या. लग्न, मूल, होम लोन, सगळं अजून ठरायचं असताना हे जाणून घ्यायचं का? काहीजणी टेस्ट करतात, काही दोन वर्षं थांबतात. आधी जेनेटिक काउन्सेलरशी तासभर बोला, सॅम्पल नंतर द्या.