सायनसचा त्रास : निचऱ्याची वाट मोकळी हवी

दिवाळीच्या सुमारास खानदेशात कापसाची आवक वाढते. पाठोपाठ तूर आणि हरभरा बाजारात येतो. जळगावचा दाणाबाजार, दालमिल, धुळे परिसरातील जिनिंग, सर्वत्र पोती हलू लागतात आणि हवेत भुसा, तंतू व धूळ तरंगू लागते. त्यातच पहाटेचा गारवा. मग पेढीवर बसणाऱ्या अनेकांचे कपाळ जड होते, गाल ठणकतात, नाक चोंदते. ‘सायनस झाला’ असे आपण म्हणतो. वस्तुतः सायनस हा रोग नव्हे. तो प्रत्येकाच्या शरीररचनेचाच भाग आहे.

दार उंचावर, तेही अरुंद

नाकाच्या सभोवतालच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : कपाळात, गालांत, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या भागात आणि नाकामागे खोलवर. त्यांच्या अस्तरातून सतत पातळ श्लेष्मा स्रवतो व अतिसूक्ष्म केस तो नाकाकडे ढकलतात. परंतु बाहेर पडण्याचे छिद्र अवघ्या काही मिलिमीटरचे असते. गालातील पोकळीचे छिद्र तर तळाशी नसून छताजवळ आहे. म्हणजे उभ्या माणसात निचरा खालून वर व्हावा लागतो. सर्दीने वा धुळीच्या ॲलर्जीने अस्तर सुजले की हे छिद्र बंद होते. आवक चालू आणि जावक बंद असलेल्या गोदामासारखी ही स्थिती. साचलेल्या श्लेष्म्यात जंतू वाढतात.

याच पोकळीच्या तळाशी वरच्या दाढांची मुळे असतात. म्हणून एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर दंतवैद्यालाही दाखवावे.

आराम कशाने?

बहुतेक वेळा आरंभ विषाणूंमुळे झालेल्या सर्दीने होतो व त्रास सात ते दहा दिवसांत ओसरतो. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब तीन ते पाच दिवसांहून अधिक घेतल्यास नाक उलट अधिक चोंदते. त्रास दहा दिवसांपलीकडे लांबला, किंवा बरे वाटून पुन्हा बळावला, तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना भेटावे.

मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे, म्हणजेच जलनेती, हा उपाय आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. सुमारे २५० मिलिलिटर पाण्यात अर्धा चमचा आयोडीनविरहित मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा पुरेसा होतो. पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच हवे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे मेंदूवर हल्ला करणाऱ्या अमिबाने दोघांचा बळी घेतला. नुसते कापडाने गाळलेले पाणीही येथे चालणार नाही. उकळलेले पाणी वापरण्याची सवय आपल्या अनेक घरांत आहेच. तीच शिस्त नेतीच्या भांड्याच्या स्वच्छतेतही पाळावी. नाक पूर्ण बंद असेल वा कान दुखत असेल, तर नेती टाळावी.

विलंब नको

डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, तीव्र डोकेदुखीसह ताप, मान आखडणे किंवा नाकात काळी खपली दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे भीषण रूप पाहिले. नाक व सायनसमधून डोळ्यापर्यंत पोहोचणारी ही बुरशी अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना विशेष घातक ठरली. व्यापारी कुटुंबांत बैठे काम व त्यासोबत येणारा मधुमेह नवा नाही. म्हणून साखरेचा हिशेबही रोजमेळाइतक्याच काटेकोरपणे ठेवावा.

धूळ टाळणे हा यातील सर्वांत स्वस्त उपाय. गोदाम झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, हवा खेळती ठेवावी, नाक-तोंड नीट झाकणारा मास्क वापरावा. मास्क आणताना हमाल व मापाडी यांच्यासाठीही आणावा. पोते त्यांच्या पाठीवर असते. धूळ सर्वाधिक त्यांच्याच नाकात जाते.