प्रयोगशाळेचं दार वेळेवर उघडावं लागतं

कोविडच्या साथीत अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’मधील ज्या गटाच्या संशोधनातून मॉडर्नाची लस उभी राहिली, त्यात किझमेकिया कॉर्बेट या तरुण कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आघाडीवर होत्या. नॉर्थ कॅरोलिनात वाढलेल्या कॉर्बेट यांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पहिलं पाऊल टाकलं ते शाळेत असतानाच, ‘प्रोजेक्ट सीड’मुळे. ‘अमेरिकन केमिकल सोसायटी’ १९६८पासून हा उपक्रम चालवते. बेताच्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना सुट्टीत खरं संशोधन करायला मिळतं आणि त्याचं विद्यावेतनही मिळतं.

हे विद्यावेतन फार मोलाचं आहे. सुट्टीत चार पैसे कमावणं ज्यांना भाग असतं, त्यांना बिनपगारी इंटर्नशिप परवडत नाही. ती मुलं दुकानात किंवा हॉटेलात राबतात, तेव्हा ओळखीपाळखी असलेल्या घरांतली मुलं प्रयोगशाळेत शिकत असतात. पुढे पीएचडीच्या प्रवेशावेळी संशोधनाचा अनुभव आणि प्राध्यापकांचं शिफारसपत्र मागितलं जातं. हुशारी सारखी असूनही तिथे एक जण मागे पडतो. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या वाट्याला हे अधिक येतं.

ही दरी बुजवायला ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’ची १९८७मध्ये सुरू झालेली, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची संशोधन-अनुभवाची योजना मदत करते. लहान कॉलेजांतली मुलं उन्हाळ्यात साधारण दहा आठवडे मोठ्या विद्यापीठात काम करतात. त्यांना विद्यावेतन मिळतं, अनेक ठिकाणी राहण्याची सोयही होते.

पण एका उन्हाळ्यानं सगळं साधत नाही. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत फ्रीमन ह्राबोव्स्की आणि दानशूर रॉबर्ट मेयरहॉफ यांनी १९८८मध्ये उभारलेला उपक्रम हे ओळखून चालतो. पहिली तुकडी १९ कृष्णवर्णीय मुलांची होती. पुढे मुलींना आणि नंतर सर्वांना प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाआधीच तयारीचे वर्ग, गटानं अभ्यास, पाठीशी मार्गदर्शक आणि सुट्ट्यांत संशोधन, अशी ही सलग साथ असते. कॉर्बेट याच उपक्रमातून २००८मध्ये पदवीधर झाल्या.

२०२५मध्ये मात्र अमेरिकी सरकारनं विविधतेशी निगडित अनेक संशोधन-अनुदानं रद्द केली; अशा योजनांनाही त्याची झळ बसली. संशोधक घडायला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्यामुळे आज बंद केलेल्या इंटर्नशिपची उणीव पुढच्या साथीत जाणवेल. अशा योजनांवरचा पैसा उपकार म्हणून नव्हे, तर विज्ञानाची गरज म्हणून खर्च व्हायला हवा.