एक सुरी कितीला पडते? छोट्या वर्कशॉपचं बजेट आणि यंत्रांचा क्रम

कोणत्याही संशोधन प्रकल्पाचं बजेट उघडा, दोन हेड हमखास दिसतात: नॉन-रिकरिंग आणि रिकरिंग. पहिल्यात यंत्रं, दुसऱ्यात रसायनं, काचसामान, दुरुस्ती, संपणाऱ्या सगळ्या वस्तू. नवीन विद्यार्थ्याचं सगळं लक्ष पहिल्या हेडवर असतं. यंत्र येतं, फोटो निघतात, आणि सहा महिन्यांनी ते धूळ खात पडतं, कारण त्यात घालायला लागणारं काही घ्यायला पैसेच उरलेले नसतात.

आज हाच हिशोब घरगुती प्रमाणावर सुऱ्या बनवण्याच्या उदाहरणातून बघू. मटेरियल सायन्सकडे वळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ही हौस असते. शिवाय हा एक छोटा पण पूर्ण प्रयोग आहे: माहीत असलेलं स्टील, त्यावर उष्णतेची प्रक्रिया, मग मोजमाप. आणि पैसे खिशातले, त्यामुळे चूक लगेच टोचते.

आधी एक प्रश्न. एक सुरी कितीला पडली, हे तुम्ही कसं काढाल? स्टील, बेल्ट, तेल, गॅस, मुठीचं लाकूड, रिव्हेट यांची बेरीज, असं उत्तर बहुतेकांकडून येतं. पण या बेरजेला सुरू केलेल्या पात्यांनी नाही, पास झालेल्या पात्यांनी भागायचं असतं. समजा एका पात्यामागे ७०० रुपये जातात आणि तुम्ही १० पाती घेतली. खर्च ७,०००. तीन बाद झाली, तर उरलेली सात प्रत्येकी १,००० ला पडली. एकच बाद झालं असतं, तर साधारण ७७८ ला. (आकडे फक्त गणितासाठी आहेत, तुमच्या बाजारातले भाव घाला.) म्हणजे बाद होण्याचं प्रमाण कमी करणाऱ्या १२,००० रुपयांच्या एखाद्या वस्तूने प्रत्येक सुरीमागे २२२ रुपये वाचवले, तर ती वस्तू ५४ सुऱ्यांत वसूल होते. महिन्याला पाच सुऱ्या धरा, अकरा महिने.

म्हणून माझं म्हणणं असं की कुठलं यंत्र घ्यायचं हे कॅटलॉग बघून ठरवू नका, बाद पाती कुठल्या टप्प्यावर बाद झाली ते बघून ठरवा. त्यासाठी वही लागते. प्रत्येक पात्याला नंबर, कुठलं स्टील, किती तापमान, किती वेळ, आणि बाद झालं तर का: वाकलं, तडकलं, मऊ राहिलं, की ग्राइंडिंगमध्ये जळलं. पंधरा-वीस पात्यांत चित्र दिसायला लागतं.

पहिला मोठा खड्डा स्टीलचा, आणि तो फुकट असतो. भंगारातला ट्रकचा कमानपाटा. लोहार त्यातून उत्तम कोयते बनवतात, हे खरं. पण एक तर कोयत्याला मुख्यतः चिवटपणा लागतो, दुसरं म्हणजे कुठल्या पाट्याला पाणी कसं द्यायचं याचा त्यांच्या हाताला वर्षांचा अंदाज असतो. तुमच्या हातात आलेला पाटा सिलिको-मँगनीजचा आहे की क्रोमचा, हे तुम्हाला माहीत नाही. त्यात वापरामुळे बारीक तडे आधीच पडलेले असू शकतात. म्हणजे प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्टच अज्ञात. पातं मऊ राहिलं तर दोष तापमानाचा की स्टीलचा, सांगताच येणार नाही. पात्याच्या खर्चात स्टीलचा वाटा तसाही लहान असतो. तिथे वाचवू नका, ग्रेड माहीत असलेली पट्टी घ्या.

मग कुठली? बेअरिंगचं ईएन-३१ औद्योगिक भागातल्या स्टीलच्या दुकानांत सहज मिळतं. साधारण १ टक्का कार्बन, १ ते दीड टक्का क्रोमियम, धार छान टिकते. पण नवशिक्याला ते जरा नखरेल आहे. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, म्हणून ‘चुंबक चिकटेना झाला की तेलात बुडवा’ अशी युक्ती सांगतात. ईएन-३१ ला हे पुरत नाही. त्याला साधारण ८२० ते ८६० अंश लागतात, आणि तिथे काही मिनिटं थांबावं लागतं, कारण त्यातली क्रोमियमची कार्बाइडं विरघळायला वेळ घेतात. घाई केली तर पातं हवं तितकं कठीण होत नाही, जास्त तापवलं तर कण मोठे होऊन ते ठिसूळ होतं. साध्या ०.८ टक्के कार्बनच्या पट्टीला असं थांबणं जवळजवळ लागत नाही. चुंबक सुटल्यावर रंग थोडा आणखी उजळू द्यायचा, की कोमट तेलात. ज्यांच्याकडे तापमान धरून ठेवायची सोय नाही, त्यांनी हेच घ्यावं.

आता भट्टी. ती विकत घ्यायलाच हवी असं नाही. भोसरी, सातपूर, अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत हीट ट्रीटमेंटची जॉबवर्क करणारी दुकानं असतात. दर किलोवर, पण किमान बिल असतं. समजा ते १,५०० आहे. एक पातं घेऊन गेलात तर १,५००, दहा घेऊन गेलात तर प्रत्येकी १५०. म्हणून बॅच साठवा. तिथे रॉकवेलवर कठीणपणाही मोजून मिळू शकतो, तो आकडा वहीत लिहा. स्वयंपाकघरातल्या सुरीला ५८ ते ६० च्या आसपास पुष्कळ झालं. तोटा एवढाच की प्रक्रिया तुमच्या हातात राहत नाही, आणि शिकायचं असेल तर तोच तर मुख्य भाग आहे.

घरीच करायचं तर गॅसच्या भट्टीत जाड लोखंडी पाइप आडवा ठेवा आणि पातं त्याच्या आत तापवा. ज्योत थेट लागत नाही, उष्णता बरीच सारखी पसरते. शेजारी के-टाइप थर्मोकपल आणि साधा डिजिटल मीटर. मला विचाराल तर सगळ्या यादीत पैशाला सगळ्यात जास्त जागणारी खरेदी हीच. टेम्परिंगला ओटीजी चालतो, साधारण २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. मात्र त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तेच थर्मोकपल आत घालून बघा. पातं तेलातून निघून हाताला सोसेल इतकं गार झालं की लगेच टेम्परिंगला घाला, रात्रभर तसंच ठेवलं तर तडकू शकतं.

बेल्ट ग्राइंडर हे सगळ्यांचं स्वप्न. पण तो मुख्यतः वेळ वाचवतो, पाती वाचवतोच असं नाही. सुरुवातीच्या दहा-वीस सुऱ्या चांगली कानस आणि तिचा कोन धरून ठेवणारा साधा सांगाडा यांवर होतात. हाताने सहा तासांचं काम ग्राइंडरवर दोन तासांत झालं आणि तुमच्या तासाची किंमत १०० धरली, तर सुरीमागे ४०० वाचले. यंत्र ६०,००० चं असेल तर १५० सुऱ्या. यात बेल्ट अजून धरलेलेच नाहीत! आणि बोथट बेल्ट ‘अजून चालेल’ म्हणून वापरत राहणं ही सगळ्यात महाग काटकसर. तो कापत नाही, घासतो आणि तापवतो. टेम्परिंग झालेल्या पात्याची धार निळी पडली, म्हणजे ती ३०० अंशांच्या आसपास पोचली आणि तिथला कठीणपणा उतरला.

म्हणून ग्राइंडर घ्यायचाच असेल तर वेग बदलता येणारा घ्या. १,४४० फेऱ्यांची मोटर आणि १०० मिलिमीटरचं चाक असेल तर बेल्टचा वेग ३.१४ × ०.१ × १,४४०, म्हणजे मिनिटाला सुमारे ४५२ मीटर. पाणी दिल्यानंतरच्या कामाला तो निम्म्यावर आणता आला पाहिजे. त्यासाठी व्हीएफडी लागतो. घरच्या सिंगल फेजवरून तो थ्री फेज मोटर चालवतो, पण बाहेर २३० व्होल्टच देतो. मोटरची पाटी आधी वाचा: स्टारमध्ये ४१५ आणि डेल्टामध्ये २३० असेल तर जोडणी डेल्टात करून घ्यावी लागते. फक्त ४१५ ची मोटर या ड्राइव्हवर पूर्ण ताकद देणार नाही. रिवाइंडिंगवाला हे दोन मिनिटांत सांगतो, खरेदीआधी विचारा.

आणि हो, चांगला मास्क आणि चष्मा यांचे पैसे बजेटच्या पहिल्या ओळीत टाका. स्टीलची भुकटी वाईटच, पण शिसवासारख्या मुठीच्या लाकडाची धूळसुद्धा काहींना ॲलर्जी देते.

एक कायद्याची गोष्ट. शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या त्यातून वगळल्या आहेत. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांपुरतंच राहा.

वहीत बाद पात्यांपुढे ‘मऊ’ आणि ‘वाकलं’ हेच शब्द वारंवार येत असतील, तेव्हा इलेक्ट्रिक भट्टीचा विचार करा. २०० मिलिमीटरच्या पात्याला मुठीतला भाग धरून आतली लांबी किमान ३५० तरी हवी. घरातलं १५ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टवर जेमतेम साडेतीन किलोवॉट देतं, तेव्हा तीन किलोवॉटच्या आतलीच बघा, नाहीतर वायरिंगचा खर्च भट्टीच्या किमतीत मिळवावा लागेल.