बळीचे दान आणि ‘टर्मिनेटर’

‘टर्मिनेटर’ म्हणजे यंत्रमानवांची मारामारी, अशी माझीही समजूत होती. १९८४ ते २०१९ या काळातले सहाही चित्रपट ओळीने पाहिल्यावर ती बदलली.

कथा अशी : स्कायनेट ही संगणकप्रणाली अण्वस्त्रे सोडून मानवजात संपवू पाहते. माणसांचा भावी नेता जन्मूच नये म्हणून त्याच्या आईला मारायला ती भूतकाळात यंत्र पाठवते. पण अण्वस्त्रे तिच्या हाती आली कशी?

जेम्स कॅमेरॉन यांच्या १९९१ सालच्या दुसऱ्या चित्रपटात उत्तर आहे. संगणकांनी चालवलेली लढाऊ विमाने बिनचूक ठरतात. भरवसा बसतो आणि संरक्षणाच्या निर्णयांतून माणूस वगळला जातो. २९ ऑगस्ट १९९७ला पहाटे २ वाजून १४ मिनिटांनी स्कायनेटला स्वतःचे भान येते. घाबरलेली माणसे ती बंद करायला धावतात, तेव्हा ती उलटते. तिसऱ्या चित्रपटात (२००३) संगणकविषाणू आवरण्यासाठी सेनाधिकारीच तिला ताबा देतो. तो विषाणू म्हणजे स्कायनेटच असते. सहाव्यात स्कायनेट टळते, पण सायबर युद्धासाठी घडवलेली ‘लीजन’ तिची जागा घेते. म्हणजे सत्ता यंत्राने हिसकावलेली नाही. ती दिली गेली.

पाडव्याला आपण बळीराजाला आठवतो. वामनानेही हिसकावले नव्हते, मागितले होते. बळीचे मोठेपण दानात. पण पावलाचे माप मागणाऱ्याच्या हाती राहिले. जयंत नारळीकर यांनी ‘वामन परत न आला’ या कादंबरीतल्या यंत्रमानवाला हेच नाव दिले, ते उगीच नव्हे.

माप आपल्या हाती ठेवणे म्हणजे काय? २६ सप्टेंबर १९८३ला सोव्हिएत संगणकाने अमेरिकी क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा दिला. पाळीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो खोटा असल्याचे वरिष्ठांना कळवले. तो खोटाच निघाला. यंत्र आणि अस्त्र यांच्यामध्ये एक शंका घेणारा माणूस होता.

मी सास्तूरचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमचे झोपलेले गाव कोसळले. त्या भूकंपाने कुणाची परवानगी मागितली नव्हती. पडद्यावरचा प्रलयही झोपेतल्या पहाटेच सुरू होतो, पण त्याआधी कुणीतरी जागेपणी सही केलेली असते. भूकंप रोखणे आमच्या हाती नव्हते. ती सही रोखणे माणसाच्या हाती आहे.