हाताने गिअर बदलल्यास ऑटोमॅटिक गाडी झिजते काय?

ऑटोमॅटिक गाडी घेतलेले व्यापारी बंधू आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात. गाडी आपला गिअर आपणच बदलते, तरीही अनेक गाड्यांत दांड्याशेजारी अधिक-उण्याच्या खुणा असतात, काहींत स्टिअरिंगच्या मागे दोन पाती असतात. त्यांनी हाताने गिअर वर-खाली करता येतो. ही सोय वापरली तर गिअरबॉक्सचे आयुष्य कमी होते काय?

आम्ही कापडाचा धंदा करणारी माणसे, गाडीचे मिस्त्री नव्हे. परंतु या प्रश्नाचे चुकीचे उत्तर धरून बसल्यामुळे आमच्या गाडीतल्या चार माणसांचा जीव एकदा धोक्यात आला होता. त्यानंतर आम्ही जाणकार मिस्त्रींकडे बसून या विषयाची नीट चौकशी केली. जे समजले ते येथे देत आहोत.

भिवंडी ते मालेगाव हा आमचा नेहमीचा रस्ता. पहिली ऑटोमॅटिक गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने बजावले होते, "हाताच्या गिअरच्या भानगडीत पडू नका, गिअरबॉक्स जाईल." नव्या गिअरबॉक्सचा खर्च ऐकून आम्हीही ड्रायव्हरला तशीच ताकीद दिली. एकदा मालेगावहून परतताना जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट उतरत होतो. गाडीत चार माणसे, मागे नमुन्यांचे गठ्ठे. दांडा 'डी'वर आणि ड्रायव्हरचा पाय सतत ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास येऊ लागला. थोड्याच वेळात ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, ब्रेक खाली चाललाय." आमच्या उत्तराची वाट न पाहता त्याने दांडा बाजूला ओढला आणि एकामागून एक दोन गिअर खाली घेतले. इंजिन मोठ्याने ओरडले, गाडीचा वेग मोडला आणि रस्त्याच्या कडेला ती कशीबशी थांबली. चाकांतून धूर निघत होता. तो म्हणाला, "तुमची ताकीद मोडली, शेठ." आम्ही त्यावर काय बोलणार!

गिअरबॉक्सच्या आत काय असते

ऑटोमॅटिक हे एकाच प्रकारच्या यंत्राचे नाव नाही. जुना आणि सर्वांत परिचित प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असेच होते, फक्त हवेच्या जागी तेल असते. त्याच्या मागे गिअरचे संच असतात आणि कोणता संच चालवायचा हे तेलात बुडालेल्या अनेक लहान क्लचप्लेट ठरवतात. एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो, म्हणजे गिअर बदलला. हे काम तेलाच्या दाबाने होते व त्या दाबावर संगणकाचे नियंत्रण असते.

यंत्रमागवाल्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. जुन्या कारखान्यांत एकाच मोटारीवर लांब शाफ्ट फिरे आणि प्रत्येक मागाला दोन पुल्या असत, एक सैल आणि एक घट्ट. पट्टा सैल पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवला की माग चालू होई. सरकताना पट्टा क्षणभर घसरे. तेवढी झीज कोणी मोजत नसे. परंतु नवशिक्या कामगाराने पट्टा अर्धवट ठेवला, तर तो घसरत राही, तापे आणि जळे. पूर्ण बसलेला पट्टा वर्षानुवर्षे चाले. क्लचचेही तसेच आहे. पूर्ण धरलेला क्लच जवळजवळ झिजत नाही. झीज होते ती घसरण्याच्या काळात, आणि घसरण जितकी लांबते तितकी उष्णता वाढते.

हाताने बदलताना नेमके काय होते

हाताने गिअर बदलतो असे आपण म्हणतो खरे, पण गिअर आपल्या हातात नसतोच. अधिक किंवा उण्याची खूण दाबली म्हणजे संगणकाकडे एक अर्ज जातो. बहुतेक गाड्यांत संगणक तो तपासतो. खालचा गिअर घेतल्याने इंजिन मर्यादेबाहेर फिरणार असेल, तर तो अर्ज नाकारतो. गाडी अगदी हळू झाली तर स्वतःच गिअर खाली आणतो. मंजूर झालेला बदल तेच क्लच, तेच तेल आणि तोच दाब वापरून होतो. म्हणजे 'डी'मध्ये आपोआप होणारा बदल आणि आपण मागितलेला बदल यांत यंत्राच्या दृष्टीने फरक जवळजवळ नाही. दांडा 'डी'वरून हाताच्या बाजूला घेण्यासाठी गाडी थांबवण्याचीही गरज नसते.

ही सोय आजची नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रा-मॅटिक हा गिअरबॉक्स आणला, आणि तो ओल्ड्समोबिल गाड्यांच्या १९४० च्या मॉडेलवर बसवला. त्यातही खालचे गिअर धरून ठेवण्याची जागा दांड्यावर होती. पुढे १९९० च्या सुमारास पोर्शे कंपनीने टिपट्रॉनिक नावाने अधिक-उण्याची पद्धत आणली आणि ती हळूहळू साध्या गाड्यांतही आली. जी सोय वापरल्याने यंत्र मोडेल, ती इतकी वर्षे जगभर कोणी विकत बसले नसते.

आता घाटाचा विचार करा. वळणावळणाच्या चढावर 'डी'मध्ये गाडी वारंवार गिअर बदलते. वळणावर पाय सुटला की वरचा, पुन्हा दाबला की खालचा. प्रत्येक बदलात क्लच थोडा घसरतो. तिथे हाताने एक गिअर धरून ठेवला तर बदल कमी होतात. अशा ठिकाणी हाताचा वापर झीज वाढवण्याऐवजी कमी करतो.

उताराचा हिशोब

कसाऱ्याहून इगतपुरी सुमारे ३०० मीटर उंच आहे. रेल्वेचा मार्ग येथे ३७ फुटांस १ फूट असा चढतो, आणि गाड्यांना मागून ढकलण्यासाठी कसाऱ्याला जादा इंजिने जोडण्याची पद्धत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. चढताना जी ताकद लागते, ती उतरताना कोठे तरी जिरवावी लागते. माणसे व सामानासह १५०० किलोची मोटार ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा सुटते ती साध्या तापमानाचे सुमारे १५ लिटर पाणी उकळीपर्यंत तापवू शकेल. त्यातील काही हवेचा व रस्त्याचा अवरोध खातो. बाकीची सर्व ब्रेकवर टाकली, तर चार चाकांच्या लहानशा ब्रेकपॅडना ती सोसावी लागते. पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेकचे तेल जुने होऊन त्यात पाण्याचा अंश शिरला असेल, तर ते उकळते, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खाली जाते. आमच्या बाबतीत तेच झाले होते.

खालच्या गिअरमध्ये गाडी इंजिनाला फिरवते आणि इंजिन तिला मागे ओढून धरते. फेरे वाढतात, आवाज मोठा येतो, त्याने मालक घाबरतात. परंतु ३ ते ४ हजार फेरे हे पेट्रोल इंजिनाचे नेहमीचे काम आहे. शिवाय आजच्या इंजिनांत एक्सलेटरवरून पाय पूर्ण काढला आणि गाडी गिअरमध्ये उतरत असली, की इंधनाचा पुरवठाच बंद होतो. म्हणजे खालच्या गिअरमध्ये ओरडणारे इंजिन त्या वेळी पेट्रोल पीत नसते. उलट पेट्रोल वाचवण्यासाठी दांडा 'एन'वर टाकून उतरणारे इंजिन चालू ठेवायला थोडे पेट्रोल जाळतात आणि इंजिनाचा आधारही घालवतात.

पद्धत जुन्या ट्रकवाल्यांचीच ठेवावी. घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. उतार सुरू होण्यापूर्वी ब्रेकने वेग कमी करा, मग एकेक गिअर खाली घ्या. ब्रेक सतत लावावा लागत असेल, तर आणखी एक गिअर खाली घ्या. ब्रेक लावायचा तो थोडा वेळ नीट दाबून सोडावा, पाय त्यावर ठेवून बसू नये.

मग गिअरबॉक्स खराब कशाने होतो

पहिले कारण, गाडी मागे सरकत असताना 'डी' टाकणे किंवा पुढे जात असताना 'आर' टाकणे. उलट दिशेने फिरणारे वजन क्लचला थांबवावे लागते. दुसरे, गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी 'पी' टाकणे. 'पी'मध्ये एक लहानशी लोखंडी जीभ दातात अडकते; चालती गाडी अडवण्यासाठी ती बनवलेली नाही. तिसरे, उतारावर 'एन' टाकून वेगात पुन्हा 'डी' टाकणे, कारण इंजिनाचे मंद फेरे आणि गाडीचा वेग यांतील सर्व फरक क्लच घसरून भरून काढतो. चौथे, चढावर ब्रेक न लावता एक्सलेटरच्या जोरावर गाडी अधांतरी धरून ठेवणे. पाचवे, तेलाकडे दुर्लक्ष.

हाताने गिअर बदलण्यातही अति केली तर नुकसान आहे. मौज म्हणून प्रत्येक वेळी इंजिन ताणून धडाधड गिअर बदलले, तर क्लचवर जास्त ताकद येते आणि तेल तापते. तसेच भरल्या गाडीने चढावर वरचाच गिअर धरून ठेवला, तर इंजिन धापा टाकते आणि टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल घुसळून तापते. तेल तापले की ते लवकर म्हातारे होते. टॉर्क कन्व्हर्टरचे तेल बहुधा लालसर व स्वच्छ असते. ते काळपट झाले आणि जळका वास आला, तर मिस्त्रीकडे जाण्यास उशीर करू नये.

प्रकार ओळखून वागावे

आपल्या देशात मोटारीत एएमटी पहिल्यांदा आली ती २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमध्ये. एएमटी म्हणजे साधा हाताचा गिअरबॉक्स आणि साधी कोरडी क्लचप्लेट. फक्त क्लच दाबणे व गिअर टाकणे हे काम यंत्र करते. त्यामुळे साध्या गाडीची क्लचप्लेट जशी संपते तशी याचीही संपते. ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलाने सरकत राहणे आणि चढावर एक्सलेटरवर गाडी धरणे ही तिची मोठी दुखणी. हाताने गिअर बदलणे हे दुखणे नाही. भरल्या गाडीने घाट चढताना तर एएमटीत हाताची बाजू अवश्य वापरावी.

सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतातच. पोलादी पट्टा दोन पुल्यांवर फिरतो आणि पुल्यांची रुंदी बदलते. तिथे हाताने 'बदललेला' गिअर ही संगणकाने नेमून दिलेली एक पायरी असते. उतारासाठी काही सीव्हीटी गाड्यांत 'एल', 'एस' किंवा 'बी' अशी जागा असते, तिचा उपयोग करावा. दोन क्लचच्या डीसीटीमध्ये पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून बदल झटकन होतो. तिचे क्लच कोरडे असतील, तर गर्दीतल्या सरकण्याने ते लवकर तापतात. या सर्वांचे तेल वेगवेगळे असते. सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टरचे तेल ओतणे म्हणजे रेशमी ताग्याला सुती कापडाची धुलाई देणे होय.

व्यापाऱ्याचा हिशोब

ब्रेकपॅड हा वारंवार बदलण्याचा माल आहे आणि स्वस्त आहे, गिअरबॉक्स महाग आहे. तेव्हा गिअरबॉक्स जपावा, पॅड झिजू द्यावेत, असा हिशोब काही लोक करतात. सपाट रस्त्यावर तो बरोबर आहे. सिग्नलला थांबण्यासाठी गिअर खाली घेत बसू नये, ब्रेक लावावा. लांब उतारावर मात्र तो हिशोब फसतो, कारण तिथे पॅडच्या किमतीबरोबर आतल्या माणसांचा जीव तराजूत असतो.

खर्चाची दुसरी बाजूही लक्षात असू द्यावी. झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई नेहमीच्या मोटार विम्यात मिळत नाही. ड्रायव्हरसह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीच्या दुरुस्तीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही आपल्यासारख्या कापड व्यापाऱ्यास कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही. मालवाहू गाडीची गोष्ट वेगळी. म्हणजे मोटारीचा गिअरबॉक्स गेला, तर पूर्ण बिल खिशातून. तो वाचवण्याचा मार्ग गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेला असतो. घाट, गर्दी व जड भार अशा कठीण वापरासाठी तेल तपासण्याची व बदलण्याची मुदत अनेक पुस्तकांत वेगळी दिलेली असते, ती पाळावी. ब्रेकचे तेलही मुदतीत बदलावे.

आमच्या ड्रायव्हरला दिलेली ताकीद आम्ही त्याच दिवशी, धूर निघणाऱ्या चाकांशेजारी उभे राहून मागे घेतली. आता इगतपुरी सोडली की तो विचारत नाही. घाट लागण्यापूर्वीच गिअर खाली येतो, इंजिन ओरडते, आणि आम्ही निर्धास्त मागे बसून उधारीची वही चाळतो.